विश्लेषण : पेन्शन पौंडात, खर्च बाथमध्ये... स्वस्त देशातले म्हातारपण खरेच स्वस्त असते का?

मोबाइलवर थायलंडचा एखादा व्हिडीओ पाहिला की त्याच्या पाठोपाठ हमखास येणारा दुसरा व्हिडीओ ठरलेला असतो. साठी-पासष्टीचे गोरे जोडपे, मागे स्विमिंग पूल, आणि थंबनेलवर ठळक अक्षरांत, 'महिन्याला हजार पौंडांत राजासारखे जगा'. जागा चिआंग माईची असेल, हुआ हिनची किंवा पट्टायाची. आशय तोच. ब्रिटनमध्ये, अमेरिकेत, जर्मनीत निवृत्त झाल्यावर जी पेन्शन घरभाडे आणि हीटिंगच्या बिलातच संपते, तिच्यात इथे घर, मोलकरीण, मसाज आणि रोजचे बाहेरचे जेवणही बसते.

हा दावा खोटा नाही. भाजीपाला, भाडे, रिक्षा, केशकर्तन यांचे दर थायलंडमध्ये लंडनच्या तुलनेत खरोखर कमी आहेत. गडबड आहे ती हिशेबाच्या मुदतीत. व्हिडीओतला हिशेब आजचा असतो आणि तो धडधाकट माणसाचा असतो. निवृत्ती मात्र वीस-पंचवीस वर्षांची असते. त्या काळात पेन्शन किती वाढेल हे मायदेशाचा कायदा ठरवतो, राहता येईल की नाही हे यजमान देशाचे इमिग्रेशन खाते ठरवते आणि हातात किती पडेल हे चलनबाजार ठरवतो. बाजारातल्या भाजीचा भाव या तिघांपुढे किरकोळ ठरतो.

हजार पौंडांचे गणित पहिल्याच पायरीवर कुठे अडते?

ब्रिटनची पूर्ण नवी सरकारी पेन्शन २०२५-२६ मध्ये आठवड्याला २३०.२५ पौंड आहे. वर्षाला ११,९७३ पौंड, म्हणजे महिन्याला जवळपास हजार. व्हिडीओतला हजाराचा आकडा बहुधा इथूनच येतो. पौंड ४३ बाथचा धरला तर महिन्याला सुमारे ४३ हजार बाथ होतात. एकट्या माणसाला चिआंग माईत यात बरे राहता येते.

पण थायलंडचा निवृत्ती व्हिसा ५० वर्षांवरच्यांना मिळतो आणि त्यासाठी महिन्याला ६५ हजार बाथ उत्पन्न दाखवावे लागते. ते नसेल तर थाई बँकेत आठ लाख बाथ ठेवावे लागतात. किंवा दोन्ही मिळून वर्षाचा आठ लाखांचा मेळ बसवावा लागतो. म्हणजे ज्या सरकारी पेन्शनवर राजासारखे जगायचे, ती पेन्शन एकटी व्हिसाच्या अटीलाही पुरत नाही! वर्षाचे सव्वापाच लाखांच्या आतच बाथ होतात. उरलेले पावणेतीन-तीन लाख खात्यात दाखवावे लागतात, किंवा जोडीला खासगी पेन्शन लागते.

आठ लाखांचा मार्ग घेतला तर ते पैसे कागदावर तुमचे असतात, वापरात मात्र नसतात. २०१९ पासूनचा नियम असा आहे : मुदतवाढीच्या अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने पूर्ण आठ लाख खात्यात हवेत, आणि उरलेल्या काळात शिल्लक चार लाखांच्या खाली जाता कामा नये. अचानक शस्त्रक्रिया निघाली तर खात्यात पैसे आहेत, पण काढले तर व्हिसा धोक्यात, अशी ती अवस्था.

हा व्हिसा कायमचा नाही. दर वर्षी मुदतवाढ घ्यायची. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. देशाबाहेर जाऊन यायचे तर आधी पुनर्प्रवेशाचा परवाना काढायचा, नाहीतर विमान सुटताच मुदतवाढ रद्द. आपल्याकडचे पेन्शनर नोव्हेंबरात वर्षातून एकदा हयातीचा दाखला देतानाही वैतागतात. तिथे परदेशी पाहुण्याला वर्षातून चारदा 'मी इथेच आहे' असे सांगावे लागते. कोणतेही काम करण्यास मनाई आहे. जमीन नावावर घेता येत नाही. कॉन्डोतला फ्लॅट घेता येतो, पण इमारतीच्या विक्रीयोग्य क्षेत्रापैकी ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते.

'गोठलेली' पेन्शन म्हणजे काय?

हा या विषयातला सर्वात महत्त्वाचा आणि व्हिडीओंत सर्वात कमी सांगितला जाणारा भाग.

ब्रिटनमध्ये सरकारी पेन्शन दर एप्रिलमध्ये वाढते. महागाई, सरासरी वेतनवाढ किंवा अडीच टक्के यांपैकी जे जास्त असेल तेवढी. याला तिथे 'ट्रिपल लॉक' म्हणतात. पण पेन्शनर ब्रिटनबाहेर राहायला गेला तर ही वाढ ठरावीक देशांतच मिळते : युरोपीय संघ, अमेरिका, फिलिपिन्स, जमैका, तुर्की, इस्रायल आणि असे आणखी काही. थायलंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भारत या यादीत नाहीत. तिथे गेलेल्या माणसाची पेन्शन आहे त्या आकड्यावर थांबते. पुढच्या वर्षीही तोच आकडा. वीस वर्षांनीही तोच.

आपल्या भाषेत सांगायचे तर निवृत्तिवेतनावरील महागाई वाढ नाशिकला राहणाऱ्याला मिळावी आणि दुबईला मुलाकडे राहायला गेलेल्याची त्या दिवसापासून बंद व्हावी, असा हा प्रकार. नायगारा धबधब्याचे उदाहरण ब्रिटिश पेन्शनर नेहमी देतात. अमेरिकेच्या काठावर राहणाऱ्याची पेन्शन दर वर्षी वाढते, समोरच्या कॅनडाच्या काठावर राहणाऱ्याची गोठते. दोघांनी नोकरीत असताना नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी मात्र सारखीच भरलेली असते.

आकड्यांत पाहू. एप्रिल २०१६ मध्ये नवी पेन्शन सुरू झाली तेव्हा तिचा पूर्ण दर आठवड्याला १५५.६५ पौंड होता. त्या वर्षी निवृत्त होऊन थायलंडला गेलेल्याला २०२५ मध्येही १५५.६५ पौंडच मिळतात. फिलिपिन्सला गेलेल्याला २३०.२५. फरक आठवड्याला ७४.६० पौंडांचा, म्हणजे वर्षाला सुमारे ३,८८० पौंडांचा. दोन्ही देश आग्नेय आशियातले, दोन्ही स्वस्त, आणि बँकॉक ते मनिला विमानाने तीन-साडेतीन तास. निवृत्त कुठे व्हावे हे ठरवताना समुद्रकिनारा पाहण्याआधी ही यादी पाहायला हवी, ती यासाठी.

या नियमाला न्यायालयात आव्हान दिले गेले. ॲनेट कार्सन १९८९ मध्ये ब्रिटन सोडून दक्षिण आफ्रिकेत गेल्या. तिथून त्यांनी स्वेच्छेने वर्गणी भरणे १९९९ पर्यंत चालू ठेवले. २००० मध्ये त्यांना आठवड्याला ६७.५० पौंडांची मूळ पेन्शन लागू झाली आणि तिथेच थांबली. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये २००५ साली त्या हरल्या. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या ग्रँड चेंबरनेही मार्च २०१० मध्ये ११ विरुद्ध ६ मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. परदेशात राहणाऱ्याची स्थिती ब्रिटनमध्ये राहणाऱ्यासारखी नाही, त्यामुळे हा भेदभाव ठरत नाही, हा त्या निकालाचा गाभा. कायद्याच्या चौकटीत तो बसतही असेल. पण वर्गणी घेताना निवासस्थान आड येत नाही आणि परतफेडीच्या वेळी येते, यातला अन्याय निकालाने पुसला जात नाही. ब्रिटिश सरकारचे उत्तर वर्षानुवर्षे खर्चाचेच आहे : सगळ्यांना वाढ देणे परवडणार नाही.

ज्या मूळ पेन्शनचा दर २००० मध्ये ६७.५० होता, तिचा पूर्ण दर ब्रिटनमध्ये २०२५-२६ मध्ये १७६.४५ पौंड आहे.

गोठलेल्या आकड्यावर चलन घसरले तर?

२००० च्या सुमारास पौंड ६० बाथच्या आसपास होता. २००५-०६ मध्ये ७० पर्यंत गेला. त्या काळात थायलंडला गेलेल्या ब्रिटिशांना ते खरोखरच राजवैभव वाटले असेल. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतानंतर पौंड घसरला, २०१९ च्या अखेरीस ४० च्या घरात आला, आणि २०२५ मध्ये ४३-४४ च्या आसपास आहे.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवा. आठवड्याचे ६७.५० पौंड २००० मध्ये चार हजार बाथ होत होते. आज त्याच ६७.५० पौंडांचे २,९०० बाथ होतात. पेन्शन वाढली नाही एवढेच नाही, ती बाथमध्ये पाव हिश्शाहून जास्त कमी झाली. मधल्या पंचवीस वर्षांत थायलंडमधला तांदूळ, वीज आणि भाडे मात्र तिथेच थांबलेले नाही.

अमेरिकनांची स्थिती या बाबतीत बरी. त्यांची सोशल सिक्युरिटी परदेशातही महागाईनुसार वाढते. त्यांचा अडथळा वेगळा आहे, तो दवाखान्याच्या दारात येतो.

आजारपणाचा खर्च कोण उचलतो?

अमेरिकेचा मेडिकेअर विमा मोजके अपवाद सोडले तर अमेरिकेबाहेर चालत नाही. तरी बरेच जण त्याच्या 'पार्ट बी'चा हप्ता भरत राहतात. २०२५ मध्ये तो महिन्याला १८५ डॉलर होता. न भरता नंतर परत यावे लागले तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्त्यावर दहा टक्के दंड लागतो आणि तो सहसा कायमचा असतो. म्हणजे जो विमा वापरता येत नाही त्याचा हप्ता, आणि शिवाय स्थानिक विम्याचा हप्ता.

ब्रिटनची एनएचएस सेवा निवासावर अवलंबून आहे. देश कायमचा सोडला की मोफत उपचारांचा हक्क सुटतो. थायलंडमध्ये २००२ पासून सर्वांसाठी जवळपास मोफत आरोग्यसेवा आहे, तिचे जगभर कौतुक होते. पण ती थाई नागरिकांसाठी. निवृत्ती व्हिसावरच्या परदेशी माणसाला ती लागू नाही, सरकारी रुग्णालयातही त्याचे दर वेगळे असतात.

थायलंडने ऑक्टोबर २०१९ मध्ये 'ओ-ए' प्रकारच्या निवृत्ती व्हिसासाठी आरोग्य विमा सक्तीचा केला. सुरुवातीला अट चार लाख बाथच्या आंतररुग्ण विम्याची होती. दोनच वर्षांत ती एक लाख डॉलर, म्हणजे साधारण तीस लाख बाथवर नेली. थाई सरकारची बाजू समजण्यासारखी आहे. बिल न भरता जाणारे परदेशी रुग्ण त्यांच्या रुग्णालयांच्या माथी बसत होते. पण सत्तरी ओलांडलेल्याला नवी पॉलिसी मिळणे सगळीकडेच कठीण असते, आणि मिळाली तरी मधुमेह, रक्तदाब, जुने बायपास यांना वगळून मिळते. पन्नाशीत गेलेला माणूस सत्तरीला पोचतो तेव्हा नियम असा अंगावर येतो.

याच देशाची दुसरी बाजूही आहे. चिआंग माईजवळ एका स्विस माणसाने सुरू केलेले, स्मृतिभ्रंश झालेल्या जर्मन भाषक वृद्धांसाठीचे केंद्र वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. रुग्णामागे चोवीस तास पाळीपाळीने माणूस, तेही स्वित्झर्लंडमधल्या वृद्धाश्रमापेक्षा बऱ्याच कमी पैशांत. माणसाच्या हाताने होणारी शुश्रूषा इथे खरोखर स्वस्त आहे, यंत्रांनी आणि औषधांनी होणारे उपचार तितके नाहीत. खर्चाचा अंदाज बांधताना या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या तर निम्मा गोंधळ टळेल.

नियम किती वेळा बदलतात?

मलेशियाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. 'मलेशिया माय सेकंड होम' ही योजना २००२ पासून चालू. बरीच वर्षे महिन्याला दहा हजार रिंगिट परकीय उत्पन्न पुरत असे. २०२१ मध्ये ही अट एकदम चाळीस हजारांवर नेली आणि दहा लाख रिंगिटची मुदत ठेव मागितली. ओरड झाली. जून २०२४ मध्ये पुन्हा नवी रचना आली. आता सर्वात खालच्या 'सिल्व्हर' श्रेणीलाही दीड लाख डॉलरची ठेव लागते आणि किमान सहा लाख रिंगिटचे घर विकत घ्यावे लागते.

पोर्तुगालने २००९ मध्ये परदेशी पेन्शन जवळपास करमुक्त करणारी सवलत आणली. २०२० मध्ये तिच्यावर दहा टक्के कर बसवला आणि २०२४ पासून नव्यांसाठी योजनाच बंद केली. मधल्या काळात फिनलंड आणि स्वीडन इतके वैतागले, की त्यांनी पोर्तुगालबरोबरचे करार मोडले. आमचे पेन्शनर कुठेच कर भरत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. थायलंडमध्येही १ जानेवारी २०२४ पासून, वर्षात १८० दिवस राहणाऱ्याने देशात आणलेले परकीय उत्पन्न करपात्र ठरते. त्याआधी एका वर्षीचे उत्पन्न पुढच्या वर्षी आणले की कर लागत नसे.

यजमान देशांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना स्वतःचे म्हातारे आहेत. थायलंड झपाट्याने वृद्ध होत चाललेला देश आहे आणि तिथल्या ज्येष्ठ नागरिकाला सरकारी भत्ता वयानुसार महिन्याला ६०० ते १,००० बाथ मिळतो. शेजारच्या घरात राहणाऱ्या परदेशी म्हाताऱ्याला व्हिसासाठी ६५ हजार दाखवावे लागतात. सहाशे आणि पासष्ट हजार. घराचे भाडे कोणाच्या खिशाकडे पाहून ठरणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. लिस्बनमध्ये भाड्यांवरून मोर्चे निघाले, मेक्सिको सिटीत जुलै २०२५ मध्ये परदेशी रहिवाशांविरोधात निदर्शने झाली. त्या रागाचा रोख निवृत्तांपेक्षा लॅपटॉप घेऊन आलेल्या तरुणांवर आणि पर्यटकांच्या भाड्याच्या घरांवर जास्त आहे, हे खरे. पण जनमत फिरले की व्हिसाच्या अटी सगळ्यांसाठीच कडक होतात.

पुण्यातल्या पेन्शनरला हे जमेल का?

थायलंड-व्हिएतनामची सहल करून आलेल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न हटकून येतो. व्हिएतनामचे उत्तर सोपे आहे, तिथे निवृत्तांसाठी वेगळा व्हिसाच नाही. थायलंडचा हिशेब रुपयांत करू.

बाथ सुमारे २ रुपये ७० पैशांचा धरला तर ६५ हजार बाथ म्हणजे महिन्याला पावणेदोन लाख रुपये. आठ लाख बाथ म्हणजे २१ लाख ६० हजार. हे पैसे रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून पाठवता येतात, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. पण आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. इथे ११ लाख ६० हजारांवर २ लाख ३२ हजार. विवरणपत्रात तो वळता होतो, परत मिळेपर्यंत पैसे अडकतात. सत्तरीवरच्यांना आयुष्मान भारतचे पाच लाखांचे कवच आहे, ते सीमेपलीकडे चालत नाही. आणि बाथ २०१५ मध्ये दोन रुपयांच्या आत होता. ज्याची पेन्शन रुपयांत आहे त्याच्यासाठी थायलंड दहा वर्षांत याच एका कारणाने चाळीस टक्क्यांच्या आसपास महागले. पौंडातल्या माणसाला स्वस्त असलेला देश रुपयातल्या माणसालाही स्वस्त असेल, हे गृहीतकच चुकीचे आहे. ज्याला महिन्याला पावणेदोन लाख येतात, तो कोल्हापुरात किंवा रत्नागिरीत त्याहून ऐषारामात राहील, आणि डॉक्टर मराठीत बोलेल.

उलट दिशेने मात्र हा विषय अगदी आपल्या घरचा आहे. जगाच्या हिशेबात 'स्वस्त देश' म्हणजे भारतही. गोव्यात हिवाळाभर मुक्काम ठोकणारे ब्रिटिश पेन्शनर कित्येक वर्षे येत आहेत. काहींनी पर्यटक व्हिसावर घरेही घेतली. पण फेमा कायद्यानुसार पर्यटक म्हणून आलेल्या परदेशी नागरिकाला इथे स्थावर मालमत्ता घेता येत नाही, आणि अशा व्यवहारांची चौकशी लागली. आपल्याकडेही निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा नाही.

आणि मग आहेत ते लंडन, लेस्टर, बर्मिंगहॅमला तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून पुण्या-नाशिकला परत येणारे. त्यांच्याकडे ओसीआय कार्ड असते, त्यामुळे व्हिसाची चिंता नाही. फ्लॅट घेता येतो, शेतजमीन तेवढी विकत घेता येत नाही. नातेवाईक आहेत, भाषा आहे. थायलंडला गेलेल्या गोऱ्या जोडप्याच्या तुलनेत त्यांची बाजू कितीतरी भक्कम. फक्त भारत त्या वाढीच्या यादीत नाही. कोथरूडला कायमचे राहायला आल्यापासून त्यांचीही ब्रिटिश पेन्शन गोठते. त्यामुळे निघण्याआधी दोन गोष्टी लेखी करून घ्याव्यात. एक, ब्रिटनच्या पेन्शन खात्याकडून सध्याचा नेमका आठवडी दर. दोन, खासगी किंवा कंपनीची पेन्शन असेल तर ती परदेशातही वाढते का, याचे त्या योजनेकडून उत्तर. सरकारी पेन्शनचा नियम खासगीला लागू नसतो, त्यामुळे पंच्याऐंशीव्या वर्षाचा आधार बहुधा तीच असते.

ब्रिटिश नियमात एक छोटी खिडकी आहे. गोठलेल्या देशात राहणारा पेन्शनर मुला-नातवंडांना भेटायला ब्रिटनला गेला आणि त्याने खात्याला तसे कळवले, तर तिथल्या मुक्कामापुरती त्याला वाढलेल्या दराने पेन्शन मिळते. परतीच्या विमानात बसला की आकडा पुन्हा जुना.